ठरलेलं आणि पाळलेलं

निरनिराळ्या समाजांनी एकत्र नांदायचं तर आधी मनं जुळायला हवीत, असं आपण सहज बोलून जातो. नाशिकचा दोन हजार वर्षांचा इतिहास वाचताना मला क्रम उलटा दिसतो. आधी बोलणं ठरतं, ते चारचौघांत होतं, दोन्हीकडून पाळलं जातं. मनं जुळलीच तर त्यानंतर.

पांडवलेण्यातलं दहाव्या क्रमांकाचं लेणं शक क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने कोरवून घेतलं. दाता परक्या कुळातला, भिक्षू चारी दिशांचे, पैसा सांभाळणारे इथल्या गोवर्धनचे विणकर. तिथल्या शिलालेखात ३,००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, यांच्या ठेवीचा तपशील आहे. २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यवसायसंघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने; १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दलाला हात लावायचा नाही. पहिल्या ठेवीच्या व्याजातून पावसाळ्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. हिशेब मांडून पाहा: वर्षाचं व्याज २४०, वीस जणांना नेमकं पुरतं. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून रीतीप्रमाणे नोंदवलाही गेला. एकमेकांच्या देवाधर्माबद्दल कुणाला काय वाटत होतं, हे लेखात नाही. व्याजाचा दर मात्र सगळ्यांना ठाऊक होता, आणि विश्वास त्यावर उभा होता.

सिंहस्थाची, म्हणजे नाशिकच्या कुंभमेळ्याची, कथा मात्र आधी रक्ताने लिहिली गेली. आधी स्नान कोणाचं, या मानावरून शैव संन्यासी आणि वैष्णव बैरागी एकमेकांवर शस्त्रं घेऊन धावले. १७८९ च्या सिंहस्थातला संघर्ष पेशव्यांच्या दरबारापर्यंत गेला. पुढे वाटणी ठरली: शैव आखाड्यांनी त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, वैष्णवांनी नाशिकच्या रामकुंडावर स्नान करायचं. मतभेद मिटले नाहीत, पण कोणाचाही मान कमी झाला नाही, म्हणून ही घडी आजवर टिकली.

याच रामकुंडाजवळच्या काळाराम मंदिरापुढे २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. ९ एप्रिलला रामनवमी होती. स्पृश्य आणि अस्पृश्य अशा दोन्ही बाजूंच्या निवडक माणसांनी मिळून रामाचा रथ ओढायचा, अशी तडजोड झाली होती. प्रत्यक्षात सत्याग्रहींचे हात लागण्याआधीच सवर्णांनी रथ पळवला आणि दगडफेक झाली. ज्याला आपण बरोबरीचा मानत नाही त्याला दिलेला शब्द मोडायला फार वेळ लागत नाही, हे त्या दिवशी नाशिकने पाहिलं. दादासाहेब गायकवाडांसारख्या कार्यकर्त्यांनी लढा पुढे काही वर्षं नेटाने चालवला, पण मंदिराचं दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. त्या घोषणेमागे मोडलेल्या शब्दांचा मोठा हिशेब होता.

२०२७ चा सिंहस्थ आता तोंडावर आहे. घाट, रस्ते, तंबू यांच्या बैठका होतील. साधुमहंत, पुरोहित, फेरीवाले, सफाई कामगार, ज्यांच्या जमिनी लागणार ते शेतकरी या सगळ्यांना त्या बैठकांत बसायला जागा हवी आणि ठरलेलं सगळ्यांना वाचता येईल असं लेखी हवं. सलोख्याची भाषणं त्यानंतर करावीत.