डिस्कची मागणी मोजायची कशी?

पुणे-सातारा रस्त्यावरच्या किकवीसारख्या गावात दुकानाच्या गल्ल्यावर सीसीटीव्हीचा डीव्हीआर असतो आणि त्यात एक हार्ड डिस्क फिरत असते. साठवणीच्या बाजाराचा कल समजून घ्यायला हा डबा उत्तम. चार कॅमेरे प्रत्येकी सेकंदाला २ मेगाबिट दराने चोवीस तास चित्रण करत असतील, तर दिवसाला सुमारे ८६ जीबी लागतात. १ टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते, मग जुने पुसून त्यावर नवे लिहिले जाते. मालकाने महिनाभराचे चित्रण ठेवायचे ठरवले, की तो ४ टीबीची डिस्क आणतो. नग एकच खपला, साठवण चौपट झाली. नुसते नग मोजणारा इथेच फसतो. जगात २०१० मध्ये सुमारे ६५ कोटी हार्ड डिस्क विकल्या गेल्या. २०२३ पर्यंत हा आकडा पाचव्या हिश्शाच्या आसपास आला. त्यावरून धंदा आटला म्हणणे चूक आहे. लॅपटॉपमधली जागा एसएसडीने घेतली, तर डेटा सेंटरमधली एकेक डिस्क २० टीबीच्या पुढे गेली.

मग टेराबाइट मोजले की झाले? तेवढ्यानेही भागत नाही, कारण कारखाना आणि वापर यांच्या मध्ये गोदाम असते. २०११ मध्ये थायलंडच्या पुरात डिस्कचे कारखाने बुडाले आणि जगभर भाव भडकले. अशा टंचाईत घाबरलेला ग्राहक गरजेपेक्षा जास्त माल मागवतो. २०२१ मध्ये डिस्कवरच्या रिकाम्या जागेवर चालणाऱ्या चिया या आभासी चलनाने अशीच झुंबड उडवली, आणि ती लवकरच ओसरली. डिस्क बनवणाऱ्या सीगेट कंपनीचा महसूल २०२२ च्या आर्थिक वर्षात सुमारे ११.७ अब्ज डॉलर होता, पुढच्या वर्षी तो ७.४ अब्जांवर घसरला. लोकांचे व्हिडिओ आणि बँकांच्या नोंदी त्या वर्षीही वाढतच होत्या. मोठ्या ग्राहकांनी आधी भरून ठेवलेला साठा वापरायला काढला, हे त्या घसरणीचे एक मोठे कारण होते.

यावर कोणी म्हणेल, आता क्लाउड कंपन्या आगाऊ करार करतात, मग अंदाज कशाला हवा? पण करारात दिसतो तो खरेदीदाराचा स्वतःचा अंदाज, आणि तोही चुकू शकतो. म्हणून विक्रीच्या आकड्यांशेजारी तीन प्रश्न ठेवावे लागतात: बसवलेल्या डिस्क किती भरल्या आहेत, त्यांचे वय काय, आणि माहिती किती दिवस ठेवायची असे ठरले आहे? कापूरहोळ किंवा शिरवळच्या विक्रेत्यालाही आपल्या ग्राहकांकडून ही उत्तरे मिळू शकतात, आणि पुढच्या हंगामासाठी किती माल भरायचा हे त्याला भावफलकापेक्षा त्यांतूनच जास्त नेमके कळेल.