नायक एक नाही, लेखकही एक नाही: ‘वाइल्ड कार्ड्स’ वाचायचं कसं?

हेडफोन लावलेत ना? आज माझ्या एका फसलेल्या वाचनाबद्दल बोलू.

‘वाइल्ड कार्ड्स’ मी घेतलं ते जॉर्ज आर. आर. मार्टिन हे नाव बघून. ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाले ना! पण आत प्रत्येक कथेला लेखक वेगळा. पहिल्या कथेतला जेटबॉय आवडला, तर तो तिथेच मेला. पुढे भलतीच माणसं. मी वैतागून पुस्तक मिटलं.

मग कळलं, माझंच चुकत होतं. मी एका हिरोची गोष्ट शोधत होतो. ही एका जगाची गोष्ट आहे.

मूळ खेळात आहे. १९८३ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात मार्टिन आणि त्यांचे लेखक मित्र ‘सुपरवर्ल्ड’ हा रोल-प्लेइंग गेम खेळू लागले. त्यातूनच १९८७ मध्ये पहिला खंड आला. नियम सगळ्यांना एकच: १५ सप्टेंबर १९४६, न्यूयॉर्कवर परग्रहावरचा विषाणू पसरतो. लागण झालेल्या शंभरातले नव्वद मरतात, नऊ जण ‘जोकर’ होतात, म्हणजे शरीर विद्रूप होतं, आणि एकच ‘एस’, म्हणजे शक्ती मिळालेला. पत्त्यांसारखंच, नशिबात येईल ते पान.

या चौकटीत प्रत्येक लेखक आपलं पात्र आणतो आणि पुढच्याला खो देतो. रॉजर झेलाझ्नींचा क्रॉइड झोपून उठला की दरवेळी नवं शरीर, नवी शक्ती. म्हणून बिचारा झोपायलाच घाबरतो!

मला पकडलं ते वॉल्टर जॉन विल्यम्स यांच्या ‘विटनेस’ने. जॅक ब्राउनला गोळी लागत नाही, रणगाडा उचलतो. पण अमेरिकी संसदेच्या कम्युनिस्ट-शोध समितीपुढे तो मोडतो आणि मित्रांविरुद्ध साक्ष देतो. ही समिती खरी होती बरं का! शरीर पोलादी, कणा नाही. वाचताना मनात आलं, त्या खुर्चीत मी असतो तर?

आणि लगेच पुढची कथा, मेलिंडा स्नॉडग्रास यांची, त्याच काळात डॉ. टॅकियनच्या बाजूने शिरते. एकाच्या पडण्याची किंमत दुसरे कशी मोजतात, ते तिथे दिसतं. एकच लेखक असता तर कदाचित त्याने जॅकला सांभाळून घेतलं असतं. इथे दुसऱ्या लेखकाला ती माया नाही.

तर वाचायचं कसं? कथा क्रमाने वाचा, मधली गाळू नका. प्रत्येक कथेचं साल बघा. आणि कोपऱ्यात उभं असलेलं पात्र लक्षात ठेवा, पुढे तेच मध्यभागी येतं. हे जमलं की तिसरा खंड ‘जोकर्स वाइल्ड’ घ्या. तिथे सात लेखकांनी १५ सप्टेंबर १९८६ हा एकच दिवस मिळून विणलाय.

मी मिटलेलं पुस्तक पुन्हा उघडलं. आता खो तुम्हाला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!