ठोकळ्यांच्या मुळाशी बघा
भंडाऱ्याच्या मे महिन्यात अॅडव्हेंचर बाइक अंगणात उभी राहिली, की टायरला भेगा पडू लागतात. दोष एकट्या उन्हाचा नाही. हवेतला ओझोन ताणलेल्या रबराच्या रेणूंची साखळी तोडतो. रबरात मिसळलेलं मेण टायर फिरताना वर येऊन ओझोनला अडवतं; गाडी उभीच, तर ते फारसं वर येत नाही. टायरवरच्या रबरी ठोकळ्यांच्या बुडाशी ताण साठतो, भेग तिथेच. अंगठ्याने ठोकळा वाकवून पाहा: केसाएवढी रेघ असेल तर लक्ष ठेवा, आत धागे दिसले तर टायर बदलाच. भेगांसोबत झीजही बघा: कोका अभयारण्याकडच्या कच्च्या वाटांसाठी घेतलेला टायर रोज नागपूरच्या महामार्गावर पळवला, तर मधले ठोकळे आधी झिजतात. नवा म्हणून विकत घेतानाही कडेचे चार आकडे वाचा: २३१९ म्हणजे टायर २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनला.