कळते, पण जीभ वळत नाही

तीन वर्षांचे मूल बोलत नाही म्हणून दवाखान्यात आणतात, तोवर घरचे सगळे उपाय होऊन गेलेले असतात. वेखंड उगाळून चाटवलेले असते, पोपटाच्या उष्ट्या पेरूचा शोध झालेला असतो आणि 'ह्याचा बापही चार वर्षांचा झाल्यावरच बोलला' हे आजीने सर्वांना ऐकवलेले असते. (वेखंड मधातून देणाऱ्यांना जाता जाता एक सांगतो : एक वर्षाच्या आतील बाळाला मध कधीही चाटवू नये.)

आजीबाईंचे म्हणणे अगदीच खोटे नाही. उशिरा बोलू लागणारी बरीच मुले पुढे व्यवस्थित बोलतात. परंतु त्यांच्यातच काही मुले अशी असतात, की त्यांच्या बाबतीत नुसती वाट पाहणे महागात पडते. अशाच एका वाचादोषाविषयी आज लिहीत आहे. त्याचे नाव 'चाइल्डहूड अ‍ॅप्रॅक्सिया ऑफ स्पीच'. साधारण हजारात एखाद-दोन मुलांत तो आढळतो, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. म्हणजे दोष विरळा, पण नवी मुंबईसारख्या लाखोंच्या वस्तीत अशी मुले निश्चितच आहेत.

या मुलाला 'बाबांची चप्पल आण' म्हटले की तो नेमकी तीच आणतो. जीभ बाहेर काढतो, भाकरी चावून खातो, ओठांत किंवा जिभेत लुळेपणा नसतो. अडते ते फक्त बोलताना. याचे कारण समजण्यासाठी 'कमळ' हा शब्द सावकाश म्हणून पाहा. 'क' म्हणताना जिभेची मागची बाजू टाळूला लागते, लगेच 'म'साठी ओठ मिटून हवा नाकातून सोडावी लागते, आणि 'ळ'साठी जिभेचे टोक मागे वळवावे लागते. हा सगळा खेळ एका सेकंदाच्या आत उरकतो. कोणता स्नायू केव्हा, किती आणि कोणत्या क्रमाने हलवायचा, याची आखणी मेंदू करतो. अ‍ॅप्रॅक्सियात नेमकी ही आखणी बिघडलेली असते. तबला शिकणाऱ्या पोराची बोटे चांगली दणकट असली, तरी 'धा तिरकिट' पहिल्या दिवशी येत नाही. तसेच हे आहे. 'कळते पण वळत नाही' ही आपली म्हण या मुलांना शब्दशः लागू पडते.

हा दोष ओळखायचा कसा? अमेरिकेतील वाचा-श्रवण तज्ज्ञांच्या संघटनेने २००७ साली तीन खुणा निश्चित केल्या. पहिली म्हणजे चुकांत सातत्य नसणे. बोबडे मूल 'राम'ला 'लाम' म्हणेल, पण दहाही वेळा 'लाम'च म्हणेल. अ‍ॅप्रॅक्सियाचे मूल 'पाणी'ला एकदा 'पाई', मग 'बानी', मग 'आपी' म्हणेल. व्यंजनांबरोबर स्वरही चुकतात, म्हणजे 'दूध'चे 'दाद' होते. दुसरी खूण, एका अक्षरावरून दुसऱ्यावर जाताना मूल अडखळते, अक्षरे लांबतात, सुटी पडतात. काही मुले ओठ-जीभ चाचपडल्यासारखी हलवत योग्य जागा शोधत राहतात. तिसरी, बोलण्यातला चढउतार बिघडतो, बोलणे सपाट किंवा तुटक वाटते. शब्द जितका लांब तितकी अडचण जास्त. आणि मराठीत शब्द लांबत जातात हे विसरू नये. 'घर' जमले तरी 'घरात' आणि 'घरातून' पुढे उभेच असतात.

कधी कधी रागाच्या भरात एखादा शब्द या मुलाच्या तोंडून लख्ख बाहेर पडतो आणि पुन्हा महिनाभर येत नाही. मग घरचे म्हणतात, 'मुद्दाम करतो, हट्टी आहे.' तो मुद्दाम करीत नाही. आईला दोष देणेही तितकेच चुकीचे. लंडनमधील एका कुटुंबात तीन पिढ्यांतील जवळजवळ निम्म्या व्यक्तींना असा वाचादोष होता. त्यामागचा 'फॉक्सपी २' या जनुकातील बिघाड २००१ साली शोधून काढण्यात आला. प्रत्येक मुलात कारण सापडतेच असे नाही. परंतु आई नोकरी करते म्हणून किंवा मोबाइल पाहिल्यामुळे अ‍ॅप्रॅक्सिया होत नाही.

आता उपचाराकडे वळू, कारण खरी गफलत इथे होते. या दोषावर औषध नाही, टॉनिक नाही. जिभेखालचा तंतू कापूनही अ‍ॅप्रॅक्सिया जात नाही. उपचार एकच, तो म्हणजे स्पीच थेरपी. पण कोणतीही स्पीच थेरपी चालत नाही.

माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाचे उदाहरण देतो. साडेतीन वर्षांचा असताना तो आठ महिने थेरपीला जात होता. आठवड्यातून एकदा अर्धा तास मेणबत्ती विझवणे, शिट्टी वाजवणे, स्ट्रॉने पाणी ओढणे, जिभेला ब्रशने मालीश. आईवडिलांनी पदरमोड करून फी भरली. आठ महिन्यांनी तो मेणबत्ती हातभर अंतरावरून विझवू लागला, पण शब्द मात्र चारच होते. यात नवल काहीच नाही. फुंकर मारणे आणि बोलणे यांसाठी मेंदूची आखणी वेगवेगळी असते. पोहायला शिकायचे तर पाण्यात उतरावे लागते, काठावर जोर-बैठका काढून भागत नाही. तसे, शब्द शिकायचे तर शब्दच घोटावे लागतात.

पुढे अ‍ॅप्रॅक्सियाचे खास प्रशिक्षण घेतलेल्या एका थेरपिस्टबाईंकडे तो जाऊ लागला. त्यांनी सगळी खेळणी बाजूला ठेवून फक्त पाच शब्द निवडले : आई, पाणी, दे, नको आणि त्याच्या बहिणीचे नाव. मूल समोर बसवून, 'माझ्या तोंडाकडे बघ' म्हणत, दोघांनी एकाच वेळी अगदी संथपणे शब्द म्हणायचा. गरज पडली तर बोटाने ओठ मिटवून द्यायचे. जमू लागले की बाईंनी आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे. मग त्यांनी आधी म्हणायचे आणि मुलाने मागून. मग थोडे थांबून. शेवटी 'तुला काय हवे?' या प्रश्नाला त्याने आपणहून उत्तर द्यायचे. एका बैठकीत शंभराच्या आसपास उच्चार होत. सहा महिन्यांत त्याचे तीसेक शब्द परक्या माणसालाही कळू लागले. आजही त्याचे बोलणे पूर्ण सुटलेले नाही आणि थेरपी चालू आहे. पण शाळेत तो पाणी मागून पितो.

अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या ईडिथ स्ट्रँड यांनी विकसित केलेली 'डी.टी.टी.सी.' ही पद्धत अशीच आहे. लंडनची 'नफील्ड' आणि ऑस्ट्रेलियातील सिडनी विद्यापीठाची 'रेस्ट' याही पद्धती प्रसिद्ध आहेत. यांतल्या शेवटच्या दोन पद्धतींची तुलना २०१५ साली प्रसिद्ध झाली. चार ते बारा वर्षांच्या २६ मुलांना तीन आठवडे, आठवड्यातून चार दिवस, रोज एक तास थेरपी दिली गेली, आणि दोन्ही गटांतील मुले सुधारली. आपल्या 'आठवड्यातून एकदा अर्धा तास' या रिवाजाशी हे ताडून पाहा.

मग आपल्याकडील थेरपिस्टना हे येत नाही काय? स्पीच थेरपिस्ट होण्यासाठी बारावी विज्ञाननंतर चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम असतो. त्यात एक वर्ष प्रत्यक्ष कामाचे. भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आर.सी.आय.ची नोंदणी कायद्याने आवश्यक आहे. या चार वर्षांत बहिरेपणा, श्रवणयंत्रे, तोतरेपणा, दुभंगलेली टाळू, अर्धांगानंतरची वाचा, स्वमग्नता, आवाजाचे विकार, सारे शिकायचे असते. अ‍ॅप्रॅक्सिया त्यातला एक भाग. आम्ही एम.बी.बी.एस. मंडळी सगळे थोडे थोडे शिकतो, पण म्हणून मी मोतीबिंदू काढायला बसत नाही. अ‍ॅप्रॅक्सियाची वेगळी सरकारी पदवी आपल्याकडे नाही. पदवीनंतर कार्यशाळा आणि अनुभवी व्यक्तीच्या देखरेखीखालील सराव यांतूनच ते कौशल्य येते. एक दिवसाचे व्याख्यान ऐकून प्रमाणपत्र मिळते, हात बसत नाही. मूल चुकले की पुढच्याच क्षणी मदत वाढवायची की कमी करायची, हे ठरवणे हीच खरी विद्या. म्हणून चांगल्या प्रशिक्षणात थेरपिस्टला आपल्याच बैठकीचे चित्रण मार्गदर्शकासमोर ठेवून चुका काढून घ्याव्या लागतात.

शिवाय परदेशी पद्धत उचलून इथे जशीच्या तशी लावता येत नाही. 'रेस्ट'मधील सरावाचे शब्द इंग्रजीतील अक्षरांवरच्या आघाताप्रमाणे रचलेले आहेत. मराठीत तसा आघात नाही, उलट इथे ख-घ-भ आहेत, ण-ळ आहेत. मराठी मुलासाठी शब्दांची यादी मराठी जाणणाऱ्या थेरपिस्टनेच बांधली पाहिजे. 'घरात मराठी बंद करा, फक्त इंग्रजी बोला' असा सल्ला नवी मुंबईत सर्रास दिला जातो. त्याला आधार नाही. मूल आजीशी ज्या भाषेत भांडते, ती भाषा त्याच्याकडून काढून घेऊ नये.

पालकांनी थेरपिस्टला नम्रपणे, पण स्पष्ट विचारावे : आपला आर.सी.आय. क्रमांक कोणता? अ‍ॅप्रॅक्सियाची मुले आपण पाहिली आहेत का, त्याचे प्रशिक्षण कुठे घेतले? एका बैठकीत मूल किती वेळा शब्द उच्चारेल? आम्ही आत बसू शकतो का, घरी काय घोटायचे? चांगला थेरपिस्ट या प्रश्नांनी रागावत नाही. तो पहिल्याच भेटीत छातीठोकपणे 'अ‍ॅप्रॅक्सियाच' असेही म्हणत नाही, कारण तीन वर्षांच्या आत निदान पक्के करणे अवघड असते. मात्र शंका असताना थेरपी सुरू करायला हरकत नाही. मूल बोलेपर्यंत चित्रांचा तक्ता किंवा खाणाखुणा वापरायला दिल्या तर घाबरू नका, त्याने बोलणे मागे पडत नाही.

सर्वांत आधी श्रवणचाचणी करून घ्या. 'त्याला ऐकू येते हो' हे घरच्यांचे मत पुरेसे नाही. वांद्रे रेक्लमेशनला १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि मुंबई सेंट्रलचे नायर रुग्णालय येथे वाचा-श्रवण शिक्षणाबरोबर तपासणीही होते. वाशीत महानगरपालिकेचे ई.टी.सी. केंद्र आहे. अंगणवाडी आणि सरकारी शाळांतील मुलांची तपासणी 'राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा'त होते. त्याची सुरुवात २०१३ साली आपल्या शेजारच्या पालघरमध्येच झाली, आणि त्याच्या यादीत भाषा उशिरा येण्याचाही समावेश आहे. अंगणवाडीताईंना सांगून नाव नोंदवता येते.

जाताना एका वहीत मूल कोणते शब्द कसे म्हणते ते लिहून न्या, 'पाणी'चे तीन प्रकार असतील तर तिन्ही. आणि घरी खेळताना, भांडताना केलेले दोन-तीन मिनिटांचे मोबाइल चित्रण बरोबर ठेवा, कारण डॉक्टर दिसला की ही मुले तोंड घट्ट मिटून बसतात.