३ टीबीची डिस्क ७४६ जीबीची कशी होते?

३ टीबीची हार्ड डिस्क जुन्या यूएसबी केसमध्ये बसवली आणि संगणकाने ती ७४६ जीबीची दाखवली, तर दुकानदाराशी भांडायला लगेच निघू नका. जुन्या केसमधली चिप डिस्कवरचे सेक्टर ३२ बिटांच्या आकड्यात मोजते. एका सेक्टरात ५१२ बाइट धरले, तर ही मोजणी सुमारे २.२ लाख कोटी बाइटांवर संपते आणि जुन्या स्कूटरच्या मीटरसारखी पुन्हा शून्यावर येते. त्यापुढे उरलेली जागा म्हणजे हे ७४६ जीबी. केस बदलली की आकडा बहुधा सुधारतो.

डिस्क पूर्ण दिसते, पण २ टीबीपुढची जागा वापरता येत नाही, असं असेल तर दोष एमबीआर या जुन्या विभागणी-पद्धतीचा. तिथे जीपीटी ही नवी विभागणी-पद्धत हवी.

४ टीबीच्या जागी ३.६३ दिसणं मात्र बिघाड नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४च्या. खरं तर हा घोळ कधीच मिटायला हवा होता.

आकडा चुकीचा दिसत असताना डिस्क फॉरमॅट करू नका, आणि जीपीटी करण्याआधी फाइली दुसरीकडे उतरवून घ्या.