फाट्यावरचा झाडू कुणाच्या खात्यातून?

पुणे-नाशिक महामार्ग आणि कल्याणहून माळशेज घाट चढून अहिल्यानगरकडे जाणारा रस्ता जिथे एकमेकांना छेदतात, ते आळेफाटा. एसटीचे स्थानक, कांद्याचा उपबाजार, हॉटेले, दवाखाने असा सगळा शहरी पसारा. पण नगरपालिका नाही. कारभार आळे आणि शेजारच्या वडगाव आनंद या ग्रामपंचायतींचा. रेड्याच्या समाधीमुळे आळे सर्वांना ठाऊक; फाटा मात्र बहुतेकांना गाडी बदलण्यापुरताच ठाऊक असतो.

आता गंमत पाहा. चहा पिऊन कागदी कप टाकून जाणारा प्रवासी इथे घरपट्टी भरत नाही आणि गावच्या शिरगणतीतही येत नाही. ग्रामपंचायतीने किती कर्मचारी ठेवावेत हे मात्र लोकसंख्या आणि उत्पन्न पाहून ठरते. म्हणजे कचरा बाजारपेठेचा आणि झाडूवाले खेड्याच्या हिशेबाने!

‘पैसाच नाही’ असे सरपंच म्हणतात तेव्हा ते अर्धेच खरे असते. पैसा येतो, पण त्यावर चिठ्ठी चिकटवलेली असते. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या निधीतील 60 टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती. उरलेली 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे खर्चता येई. मात्र पगार आणि आस्थापना त्यातून वगळलेली. घंटागाडी घेता येते, ती चालवणाऱ्याला कायम नेमता येत नाही. तेच काम देखभालीचा ठेका म्हणून दिले, की बिल बसवायला वाट मिळते. कंत्राटी माणूस बऱ्याचदा असा जन्माला येतो: कुणाच्या दुष्टाव्यातून नव्हे, खात्याच्या रकान्यातून.

मग शिपाई, पाणी सोडणारा, वसुली कारकून यांचा पगार कुठून? (ग्रामसेवकाचा, म्हणजे 2024 नंतरच्या ‘ग्रामपंचायत अधिकाऱ्या’चा, पगार जिल्हा परिषदेकडून होतो, त्याची यात गल्लत नको.) बाकीच्यांचा भार ग्रामनिधीवर, म्हणजे मुख्यतः घरपट्टी-पाणीपट्टीवर. किमान वेतनातला काही हिस्सा राज्य शासन उचलते. पण एप्रिल 2020 च्या शासन निर्णयाने तो हिस्सा करवसुलीशी जोडला. वसुली घटली की अनुदानाला कात्री. ही अट काढा, अशी कर्मचारी संघटनांची मागणी राहिली, आणि ती रास्तच वाटते. गावाने पट्टी थकवली यात पहाटे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्याचा काय दोष?

ठेका स्वस्त पडतो, ही समजूतही तपासून घ्यावी. ग्रामपंचायतींतील ‘आपले सरकार सेवा केंद्रा’चे उदाहरण बोलके आहे. 2016 मध्ये सुरू झालेल्या या व्यवस्थेत प्रत्येक केंद्रामागे महिना 12,331 रुपये वित्त आयोगाच्या निधीतून कंपनीकडे जात. संगणकचालकाच्या हाती सहा-सात हजार पडत. उरलेल्यात कागद, शाई, देखभाल, कर वगैरे धरलेले होते हे खरे. पण गावाने मोजलेले पैसे आणि माणसाला मिळालेले पैसे यांत एवढी दरी असेल, तर बचत नेमकी कुणाची झाली?

शिवाय आज टाळलेला खर्च उद्या दारात उभा राहतो. मुंबई महापालिकेने कचरा उचलणाऱ्यांना वर्षानुवर्षे ठेकेदारांमार्फत राबवले. ‘कचरा वाहतूक श्रमिक संघा’ने लढा दिला आणि एप्रिल 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 2,700 कामगारांना कायम करण्याचा निवाडा उचलून धरला. महापालिकेची तिजोरी तो भार सोसू शकते. ग्रामपंचायतीवर अशी पाळी आली, तर वर्षभराचे अंदाजपत्रक कोलमडेल.

म्हणून ठेका द्यायचाच असेल, तर करारातच लिहून घ्यावे की मजुरी किमान वेतनाइतकी असेल, ती बँक खात्यात जमा होईल आणि भविष्य निर्वाह निधीची पावती दाखवल्याशिवाय पुढचे बिल निघणार नाही. बारमाही कामाला, विशेषतः पाण्याला, ठेका लावूच नये. गावचा व्हॉल्व्ह कुठे अडतो हे जुन्या माणसालाच कळते.

पगाराचा खरा आधार स्वतःची वसुली. 2015 पासून ग्रामपंचायतीची घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारली जाते आणि व्यापारी वापराला निवासी वापरापेक्षा जास्त भारांक लागतो. कोणत्याही बाजारगावात रस्त्याकडेच्या किती गाळ्यांची नोंद अजून ‘राहते घर’ म्हणून आहे, हे आकारणीची वही उघडून पुढच्या ग्रामसभेत विचारता येईल.