लॅपटॉपचे वाय-फाय आणि बाळाचा श्वास

टेलिमेडिसिनच्या पडद्यावर दहा महिन्यांचे बाळ होते. ताप, खोकला. दूरच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरताईंनी त्याचा झबला वर केला आणि मी घड्याळ लावून श्वास मोजू लागलो. बावीसपर्यंत आलो नि चित्र थिजले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. या वयात मिनिटाला 50 किंवा त्याहून जास्त श्वास म्हणजे न्यूमोनियाची शंका, आणि मोजायचे ते पूर्ण मिनिटभर, बाळ शांत असताना. शेवटी ताईंनीच मोजून 54 सांगितले. खरे तर पहिल्यापासून तेच करायला हवे होते!

मी इंटरनेटला दोष देत होतो. पण त्याच टेबलावर, त्याच वाय-फायवर माझा मोबाइल सुरळीत चालत होता. म्हणजे दुखणे लॅपटॉपचे. त्याचा वायरलेस अ‍ॅडॅप्टर जुना, एकाच अँटेनाचा, फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारा. या पट्ट्यात शेजारपाजारचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन असे सगळेच घुसतात. केसपेपरच्या एकाच खिडकीवर अख्खी ओपीडी लोटावी, तसे.

मोठा राउटर घेऊनही उपयोग झाला नसता. राउटरचे बोलणे लॅपटॉपला ऐकू आले, तरी लॅपटॉपचे उत्तर राउटरपर्यंत पोहोचायला हवे ना? आधी फुकटचे उपाय केले: ड्रायव्हर अद्ययावत केला, अ‍ॅडॅप्टरची वीजबचत बंद केली. फरक जेमतेम. मग बाहेर अँटेना असलेला, 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ दोन्हींवर चालणारा यूएसबी अ‍ॅडॅप्टर बसवला. तो लॅपटॉपला चिकटवून न ठेवता छोट्या एक्स्टेंशन केबलने दूर ठेवला, कारण यूएसबी 3.0 च्या जोडणीतून 2.4 च्या पट्ट्यात गोंगाट होतो. 5 गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण भिंती त्याला लवकर अडवतात. दोन खोल्या पलीकडे 2.4 च बरा. राउटरच फक्त 2.4 चा असेल, तर नव्या अ‍ॅडॅप्टरचा 5 चा पट्टा वाया जातो.

अँटेना पाहून सिस्टर म्हणाल्या, "सर, रेडिएशन वाढेल ना?" वाय-फायच्या लहरींत डीएनएचे बंध तोडण्याइतकी ऊर्जा नसते. शक्ती साधारण 0.1 वॅट, आणि अंतर दुप्पट केले की तीव्रता चौथाईवर येते. 2011 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात घातले हे खरे, पण त्याच गटात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्याही आहेत. मला जास्त काळजी वाटते ती तापलेला लॅपटॉप तासन्‌तास मांडीवर ठेवण्याची. त्याने त्वचेवर जाळीदार तपकिरी डाग पडतात.

परवा दीड वर्षाची मुलगी पडद्यावर होती. या वयाला मर्यादा 40 ची. मिनिटभर चित्र एकदाही थांबले नाही. मोजले, 34.